लायब्ररीचा संग्रह आणि कॅटलॉग वेबवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेली काही वर्षं वेगवेगळ्या लायब्रऱ्यांतल्या लोकांकडून येत राहतात. कुणी एकटं सगळं सांभाळतं, कुणाकडे दहा जणांची टीम आहे, पण प्रश्न बरेचसे तेच, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न अगदी पायाचे आहेत, कॅटलॉगिंग येत असेल तर सरळ पाचव्यापासून वाचा.

१. आमच्याकडे सगळ्या पुस्तकांची एक्सेल शीट आहे, त्यात सर्च पण होतो. मग कॅटलॉग वेगळा कशाला?

तुम्ही एकटेच ती शीट वापरणार असाल तर खरंच नका करू. अडचण येते दुसऱ्या कुणी ती वापरायला घेतली की. "लेखक" या रकान्यात कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, अनुवादकही तिथेच कंसात, दोन लेखक असले तर मध्ये स्वल्पविराम की "व" ते त्या दिवशीच्या मूडवर. तुम्हाला हे सगळं कळतं कारण टाइप तुम्हीच केलंय. कॅटलॉगची नोंद अशी लिहायची असते की तुम्ही शेजारी नसताना कुणालाही, आणि कुठल्याही मशीनला, ती वाचता आली पाहिजे. पूर्वी वाचक काउंटरवर येऊन विचारायचा आणि नोंदीत राहिलेलं लायब्रेरियन तोंडी भरून काढायचा. वेबवर तो काउंटरच नसतो. ओपॅक म्हणजे या नोंदी शोधायचं ऑनलाइन पान, बाकी काही नाही. शीट मात्र फेकू नका, पुढे डेटा हलवताना सुरुवात तिथूनच होते (प्रश्न १९).

२. मार्क मार्क म्हणतात ते नक्की काय? आणि इतकं जुनं असून अजून का चालू आहे?

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या प्रोग्रॅमर बाईंच्या नेतृत्वाखाली हे तयार झालं. म्हणजे मशीनला वाचता येईल अशी पुस्तकाची नोंद, टेपवर भरून दुसऱ्या लायब्ररीला पाठवता येईल आणि तिथे त्यावरून कार्डं छापता येतील अशी. प्रत्येक माहितीला तीन आकडी नंबर (त्या खणाला फील्ड म्हणतात): १०० म्हणजे लेखक, २४५ शीर्षक, २६४ प्रकाशन, ३०० पानं आणि आकार, ६५० विषय, ८५६ लिंक. आज आपण वापरतो ते मार्क २१ हे १९९९ मध्ये अमेरिकन आणि कॅनेडियन मार्क एकत्र करून आलं.

टेपच्या काळाच्या खुणा त्यात अजून आहेत, उदाहरणार्थ नोंदीची लांबी लिहायला पाचच आकड्यांची जागा आहे, त्यामुळे एक नोंद ९९,९९९ बाइटच्या वर जाऊच शकत नाही. आणि हो, देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं. चालू का आहे? कारण जगभरच्या कोट्यवधी नोंदी त्यात आहेत आणि एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात टाकता येतात. दिसायला कुरूप आहे, मान्य.

३. आरडीए, बिबफ्रेम, डब्लिन कोअर ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का? आम्ही कुठलं घ्यायचं?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. आरडीए हे नियम आहेत, म्हणजे शीर्षक कुठून घ्यायचं, किती लेखक लिहायचे वगैरे. २०१० मध्ये आले, त्याआधी १९७८ पासून एएसीआर२ होते. मार्क हा डबा आहे, नियमांनी तयार झालेली माहिती भरायचा. डब्लिन कोअर हा दुसरा, छोटा डबा, १९९५ मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून निघालेला (आयर्लंडचं डब्लिन नव्हे), त्यात मूळ १५च घटक आहेत. बिबफ्रेम हा मार्कच्या जागी आणायचा नवा डबा, लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ पासून हे काम सुरू केलं आणि २.० आवृत्ती २०१६ ला आली. त्यात नोंद ही एक अखंड पट्टी न राहता एकमेकींना जोडलेल्या गोष्टींचं जाळं होते, कृती वेगळी, तिची छापील किंवा डिजिटल आवृत्ती वेगळी, तुमच्या कपाटातली प्रत वेगळी.

घ्यायचं कुठलं? पुस्तकांसाठी मार्क, स्कॅन केलेले कागद, फोटो, प्रबंध यांना डब्लिन कोअर. बिबफ्रेमसाठी थांबून राहू नका, मार्कमधून तिकडे नेता येतं, फक्त आजच्या नोंदी नीट असल्या पाहिजेत.

४. दुसऱ्या लायब्ररीची नोंद उचलून आपल्याकडे टाकणं ही चोरी नाही का?

उलट कॅटलॉगिंगचा धंदाच त्यावर चाललाय. लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील कार्डं इतर लायब्रऱ्यांना विकत होती, ओसीएलसी या लायब्रऱ्यांच्या सामाईक संस्थेने अगदी २०१५ पर्यंत कार्डं छापली. आता तेच काम झेड ३९.५० किंवा एसआरयू नावाच्या प्रोटोकॉलने होतं, सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक किंवा आयएसबीएन टाकायचा, दुसऱ्या कॅटलॉगमध्ये सापडलं की नोंद ओढून घ्यायची. कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये हे आयतं मिळतं. काही ठिकाणी नोंदींवर वापराच्या अटी असतात, त्या वाचा. काहींनी नोंदी सार्वजनिक करून टाकल्यात, जसं हार्वर्डने २०१२ मध्ये १.२ कोटींच्या आसपास नोंदी सीसीझिरोखाली (कुणीही कशालाही वापरा, अशी परवानगी) मोकळ्या केल्या.

फक्त पुस्तक हातात धरून नोंद तपासा. आयती नोंद म्हणजे दुसऱ्याच्या चुकाही आयत्या.

५. आयएसबीएन टाकला की भलतंच पुस्तक येतं. असं कसं?

आयएसबीएन पुस्तकाचा आधार नंबर नाही, एका प्रकाशकाने एका विशिष्ट रूपाला दिलेला नंबर आहे. त्याच पुस्तकाच्या पुठ्ठा बांधणीचा वेगळा, पेपरबॅकचा वेगळा, ईबुकचा वेगळा. संच असेल तर संचाचा एक आणि प्रत्येक खंडाचा आणखी एक, आणि नोंद करणाऱ्याने खंडाच्या नोंदीत संचाचा टाकला की चारही खंड एकाच नंबरवर येऊन बसतात. शिवाय काही प्रकाशक जुना नंबर नव्या पुस्तकाला परत वापरतात, चालत नाही, पण करतात.

१ जानेवारी २००७ पासून नंबर १३ आकडी झाले. जुन्या १० आकडी नंबराला पुढे ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपासणी आकडा नव्याने काढावा लागतो, कारण दोन्हीची गणितं वेगळी आहेत. ९७९ ने सुरू होणाऱ्या नंबराचं १० आकडी रूप नसतंच. १९७० च्या आधीच्या पुस्तकांत शोधत बसू नका. थोडक्यात, नंबर जुळला तरी शीर्षक, वर्ष, पानं डोळ्यांनी बघायची.

६. आमची पुस्तकं मराठी आहेत. शीर्षक देवनागरीत टाकायचं की रोमनमध्ये?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. दोन्हीत टाका, पण मुख्य देवनागरीत.

जुनी पद्धत अशी होती की २४५ मध्ये रोमन लिप्यंतर आणि मूळ लिपी ८८० या फील्डात, दोन्ही सबफील्ड ६ ने (सबफील्ड म्हणजे फील्डच्या आतला छोटा खण) जोडलेली. कारण साधं होतं, जुन्या सिस्टिमना दुसरी लिपी दाखवताच येत नव्हती. आता ती अडचण नाही आणि मूळ लिपी थेट मुख्य फील्डात ठेवायला मार्क २१ मध्ये मान्यता आहे. वाचक मराठी असेल तर त्याला पानावर आधी रोमन दाखवणं म्हणजे आपल्याच घरात पाहुणा. पण रोमन टाकूच नका असं नाही, बाहेरच्या लायब्रऱ्या रोमनमधून शोधतात आणि आपलेही निम्मे लोक मोबाईलवर रोमनमध्येच टाइप करतात. गंमत अशी की शास्त्रीय लिप्यंतर, म्हणजे आयएसओ १५९१९ सारखं टिंबं-रेघांचं, आपले लोक टाइप करत नाहीत. त्यात "श" साठी चिन्ह लावलेला एस असतो, सॉफ्टवेअरने चिन्ह काढून शोधलं तर नुसता एस उरतो, आणि वाचकाने टाइप केलेलं असतं एस-एच. म्हणून लोक लिहितात तसं साधं रोमन रूप २४६ मध्ये (शीर्षकाच्या इतर रूपांचं फील्ड) वेगळं टाका, शास्त्रीयवाले नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता खरी डोकेदुखी. डोळ्याला सारखं दिसणारं अक्षर मशीनला वेगळं असतं. "ॲ" हे एकच अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि "अ" वर चंद्र ठेवूनही, आणि युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी जागतिक पद्धत) नियमाने या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) केलं तरी एक होत नाहीत. "वाऱ्या" मधलं र दोन तऱ्हेने लिहिता येतं, एक "ऱ" वापरून, दुसरं साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर घालून, आणि कीबोर्डप्रमाणे कुठलंही एक येतं. वाचक एक टाइप करतो, नोंदीत दुसरं असतं, निकाल शून्य, आणि तो म्हणतो या लायब्ररीत पुस्तकच नाही. उपाय दोन: टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा आणि सर्च इंजिनमध्ये ही रूपं सारखी धरायचा नियम लिहून घ्यायचा. पहिला फुकट आहे, पण माणसं ऐकत नाहीत, त्यामुळे दुसरा करावाच लागतो.

आणि नोंदी इम्पोर्ट केल्यावर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं झाली तर घाबरू नका, नोंदीच्या लीडरमधली (नोंदीच्या सुरुवातीची तांत्रिक पट्टी) ९ नंबरची जागा बघा (मोजणी शून्यापासून). तिथे इंग्रजी ए असेल तर नोंद युनिकोडमध्ये आहे, जागा मोकळी असेल तर सॉफ्टवेअर तिला मार्क-८ या जुन्या अक्षरसंचातली समजतं आणि मार्क-८ मध्ये देवनागरी नाहीच. एका सप्लायरने पाठवलेल्या फायलीत ही एक जागा मोकळी होती म्हणून माझा आख्खा आठवडा गेलाय. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली यादी असेल तर ती आधी कन्व्हर्टरमधून काढा, आणि जोडाक्षरं हाताने तपासा.

७. एकाच लेखकाची पुस्तकं चार वेगवेगळ्या नावांखाली दिसतात. एकत्र कशी आणायची?

याला अथॉरिटी कंट्रोल म्हणतात आणि माझ्या मते वेळ घालवायची सगळ्यात योग्य जागा हीच. नावासाठी एक वेगळी नोंद करायची, त्यात एक मान्य रूप ठरवायचं, बाकीची रूपं "इकडे पाहा" म्हणून जोडायची. "वि. वा. शिरवाडकर", "वि.वा. शिरवाडकर", "शिरवाडकर, विष्णू वामन" ही तिन्ही रूपं एका नोंदीत गेली की वाचकाने काहीही टाइप करो, पोचतो बरोबर ठिकाणी.

पण टोपणनाव आलं की नियम बदलतो. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिल्या आणि नाटकं स्वतःच्या नावाने. अशा वेळी आरडीए दोन ओळखी वेगळ्या ठेवायला सांगतं आणि "हेही पाहा" ने जोडायला, कारण वाचक कवितेला एका नावाने शोधतो, नाटकाला दुसऱ्या. उलट एखाद्याने सगळंच लेखन एका टोपणनावाने केलं असेल तर तेच मान्य रूप, खरं नाव फक्त संदर्भाला.

वेबसाठी आणखी एक पायरी: त्या माणसाचा व्हीआयएएफ, आयएसएनआय किंवा विकिडेटा या जागतिक याद्यांमधला ओळख क्रमांक नोंदीत टाका (मार्कमध्ये सबफील्ड शून्य आणि एक त्यासाठीच आहेत). नाव भाषेप्रमाणे बदलतं, नंबर बदलत नाही. एकाच नावाचे दोन वेगळे लेखक असले तर नंबराशिवाय सुटकाच नाही.

८. सर्च बॉक्स आहे ना, मग विषयशीर्षकं कशाला द्यायची? कुणी बघतं का?

वाचक विषयशीर्षक टाइप करत नाही हे खरं. पण डावीकडे "विषय" म्हणून जी गाळणी दिसते ती त्यातूनच बनते. शिवाय कित्येक पुस्तकांच्या नावात विषय नसतो, विशेषतः आत्मचरित्रं आणि ललित, तिथे ६५० रिकामं असेल तर पुस्तक हरवलंच म्हणा.

शीर्षकं एका ठरलेल्या यादीतूनच घ्या, मनाने घेतली की "स्त्रिया", "महिला", "नारी" असे तीन ढीग होतात. यादी पवित्र नसते हेही लक्षात ठेवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत "बेकायदा परके" अशा अर्थाचं शीर्षक कित्येक वर्षं होतं, २०१६ मध्ये बदलायचं ठरलं, राजकारण आडवं आलं आणि बदल झाला २०२१ ला. तुमच्या वाचकाला टोचणारा शब्द असेल तर स्थानिक शीर्षक जोडा, फक्त ते स्थानिक आहे अशी खूण ठेवा.

९. तेच पुस्तक छापीलही आहे आणि ईबुकही. एक नोंद की दोन?

दोन, आणि एकमेकींना ७७६ ने जोडलेल्या. एकाच नोंदीत दोन्ही कोंबलं तर वाचकाला एकच ओळ दिसते ते छान, पण ईबुकचं लायसन्स संपलं की काढायचं काय आणि ठेवायचं काय ते कळत नाही. तेच ईबुक तीन कंपन्यांकडून मिळत असेल तर मात्र तीन नोंदी नको, ईबुकची एक नोंद आणि तिच्यात तीन लिंका. वाचकाला सगळं एकत्र दाखवायचं काम शोधपानाचं, नोंदीचं नाही.

१०. वेबवर इतकं फुकट आहे, ते सगळं आमच्या कॅटलॉगमध्ये घ्यायचं का?

सगळं घेतलंत तर तुमचा कॅटलॉग म्हणजे वाईट गूगल होईल. प्रकल्प गुटेनबर्ग १९७१ पासून आहे, इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून, हाथीट्रस्ट २००८ पासून, डीओएजेमध्ये मुक्त नियतकालिकांची यादी आहे, आणि यातलं बरंच सर्च इंजिन आधीच दाखवतं. मी घेताना एकच प्रश्न विचारतो: आमच्या संग्रहातल्या कुठल्या विषयाला याने भर पडते? आमच्याकडे स्थानिक इतिहासाचा संग्रह असेल तर त्या भागाचं जुनं गॅझेटियर स्कॅन होऊन कुठे पडलंय त्याची नोंद आम्हीच करणार, कारण ते शोधून त्या संग्रहाशेजारी मांडणारं दुसरं कुणी नाही. खूप खपाच्या कादंबरीची फुकट प्रत सगळ्यांना सापडते.

संग्रहाचं धोरण कागदावर लिहा, दोन पानंही पुरेत. कुठले विषय खोलवर, कुठले वरवर, देणगी कधी नाकारायची, आणि फुकट डिजिटल गोष्ट घ्यायला कुणाचा होकार लागेल. देणगीचा मुद्दा लिहिलेला नसेल तर जुन्या पाठ्यपुस्तकांची पोती येतात, सांगून ठेवतो.

११. ईबुक विकत घेतलं म्हणजे ते आमच्या मालकीचं ना?

बहुतेक वेळा नाही. कागदी पुस्तक विकत घेतलं की ते तुमचं, कितीही वेळा देवघेव करा. ईबुकला असतं लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, अटींसकट. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये लायब्ररी ईबुकला २६ वेळांची मर्यादा घातली तेव्हा गदारोळ झाला होता, आता ठरावीक वर्षांचं किंवा ठरावीक वेळांचं लायसन्स नेहमीचंच झालंय.

करार सही करायच्या आधी चार गोष्टी बघा: वर्गणी बंद केल्यावर आधीच्या वर्षांचं वाचता येणार का, दुसऱ्या लायब्ररीला उसनं देता येणार का, कॅटलॉगच्या नोंदी देणार का आणि त्या आमच्याकडे ठेवता येणार का, आणि कंपनी बुडाली तर. शेवटच्यासाठी पोर्टिको किंवा क्लॉक्ससारख्या जतन व्यवस्थेत प्रकाशक आहे का ते विचारा. "आमचं सर्व्हर कधी बंद पडत नाही" हे उत्तर नव्हे.

१२. ८५६ मधल्या लिंका वर्षभरात मरतात. काय करायचं?

ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करायची सवय आधी सोडा, त्यात बऱ्याचदा सेशनचा कचरा असतो आणि तो दुसऱ्या दिवशीच चालत नाही. पानावर डीओआय, हँडल (पान हललं तरी न बदलणारे ओळख क्रमांक) किंवा "कायमची लिंक" असेल तर ती घ्या. डीओआय म्हणजे जादू नाही, मागे कुणीतरी नवा पत्ता नोंदवतं म्हणून तो चालतो, पण ते काम प्रकाशकाचं असतं, तुमचं नाही. दर तीन-चार महिन्यांनी लिंक तपासणारी स्क्रिप्ट चालवा. मात्र पान उघडतंय म्हणजे लिंक जिवंत असं नाही, डोमेन विकलं जाऊन तिथे जुगाराची जाहिरात आलेलीही पाहिलीय आणि स्क्रिप्टने तिला "ठीक" म्हटलं होतं.

एक छोटी चूक फार दिसते. ८५६ चा दुसरा इंडिकेटर (फील्डच्या सुरुवातीचा खुणेचा आकडा) सांगतो की लिंक कशाची: ० म्हणजे हीच वस्तू, १ म्हणजे हिचं दुसरं रूप, २ म्हणजे संबंधित काहीतरी. अनुक्रमणिकेच्या लिंकेला ० दिलं की ओपॅक "पूर्ण पुस्तक वाचा" असं बटण दाखवतो आणि वाचक शिव्या देतो.

१३. आमच्याकडची जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी टाकू का?

कॉपीराइट संपलेला असेल तर जरूर. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे, कित्येक देशांत ती त्याहून जास्त, म्हणून आपापल्या देशाचा कायदा बघा. मूळ लेखक जाऊन शंभर वर्षं झाली तरी अनुवाद, प्रस्तावना, चित्रं यांचे हक्क वेगळे असू शकतात, हे हमखास विसरलं जातं.

"आमच्याकडे एक प्रत आहे, ती कपाटात बंद ठेवून एका वेळी एकालाच स्कॅन देऊ" ही कल्पना अमेरिकेत कोर्टात गेली. प्रकाशकांनी इंटरनेट अर्काइव्हवर केलेल्या खटल्यात अर्काइव्ह २०२३ ला खालच्या कोर्टात आणि सप्टेंबर २०२४ ला अपिलात हरलं. ते तिथल्या कायद्यापुरतं असलं तरी बाकीच्यांनीही वकिलाशी बोलल्याशिवाय हे करू नये. हक्कदार सापडतच नाही अशा पुस्तकांची फक्त नोंद टाका, आणि शोध कधी, कुठे घेतला ते लिहून ठेवा.

१४. कॅटलॉग कोहात, स्कॅन डीस्पेसमध्ये. वाचकाला दोन ठिकाणी शोधावं लागतं, एकत्र होईल का?

होईल. डीस्पेस (डिजिटल फायली साठवून दाखवायचं सॉफ्टवेअर) ओएआय-पीएमएच बोलतं, हा २००१ पासूनचा साधा प्रोटोकॉल, एक मशीन दुसऱ्याला विचारतं "अमुक तारखेनंतर काय बदललं" आणि नोंदी उचलतं. त्या नोंदी व्हूफाइंडसारख्या शोधपानात दोन्हीकडून गोळा करायच्या. अडतं ते डिलीट केलेल्या नोंदींवर: मूळ ठिकाणी काढलेली नोंद "काढली" म्हणून जाहीर होते की नुसती गायब होते ते सेटिंग बघा, नाहीतर शोधपानात भुतं राहतात. नावं आणि तारखा दोन्हीकडे सारख्या लिहिल्या नसतील तर एकत्र करून घोळ फक्त जास्त लोकांना दिसेल, आधी प्रश्न ७.

१५. आमचा ओपॅक गूगलवर येत नाही. आणि हल्ली सारखा बंद पण पडतो.

दोन तक्रारी आहेत पण मूळ जवळजवळ एकच, बॉट, म्हणजे आपोआप वेबपानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम. न दिसण्याचं कारण बहुधा हे की प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा पक्का पत्ता नाही, सर्च केल्यावरच पान तयार होतं, किंवा रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटनी काय वाचू नये ते सांगणारी फाइल) सगळंच बंद करून ठेवलंय. प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता द्या, साइटमॅप (सगळ्या पत्त्यांची यादी) द्या, पानात स्किमा डॉट ऑर्गच्या खुणा (हे पुस्तक, हा लेखक असं सर्च इंजिनला सांगणाऱ्या) घाला.

बंद पडण्याचं कारण उलटं. गाळण्यांच्या लिंका एकमेकींत मिसळून लाखो पत्ते तयार होतात (विषय × वर्ष × भाषा × क्रम) आणि एआयसाठी डेटा गोळा करणारे बॉट त्या प्रत्येकावर क्लिक करत बसतात, त्यातले बरेच रोबोट्स फाइल वाचतही नाहीत. नोंदींची पानं उघडी ठेवा, सर्च आणि गाळण्यांची पानं बॉटना बंद करा, एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा घाला. सगळंच पासवर्डमागे नेऊ नका, मग वेबवर यायचा खटाटोप कशाला केला.

१६. पुस्तकं बाद करायची भीती वाटते. डिजिटल प्रत असेल तर कागदी काढली तर चालेल?

डिजिटल प्रत कुणाच्या ताब्यात आहे त्यावर आहे. लायसन्सवरची असेल (प्रश्न ११) तर तिच्या भरवशावर कागद काढू नका. फाटलेलं, चुकीची माहिती देणारं, नवी आवृत्ती आलेलं, वर्षानुवर्षं न हललेलं आणि दुसरीकडे सहज मिळणारं, हे निकष लागू करा, पण "दुसरीकडे मिळतं" हे संयुक्त कॅटलॉगमध्ये (अनेक लायब्रऱ्यांचा मिळून एक) बघून ठरवा, अंदाजाने नाही. सगळ्यांनीच "दुसऱ्याकडे असेल" म्हणून काढलं की शेवटची प्रत रद्दीत जाते. आणि बाद केल्यावर दाखल नोंदवहीबरोबर ओपॅकमधूनही काढा. संयुक्त कॅटलॉगमधून काढायचं तर कुणालाच आठवत नाही.

१७. नियतकालिकाचं नाव बदललं. जुनीच नोंद दुरुस्त करू का?

नाही. नाव खरंच बदललं असेल तर जुनी नोंद बंद, नवी उघडा, ७८० आणि ७८५ ने "आधीचं" आणि "नंतरचं" जोडा. आयएसएसएनही (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) नवा येतो. मुखपृष्ठावर "द" आला-गेला असल्या बारीक बदलांना सहसा नवी नोंद लागत नाही. छापील आणि ऑनलाइनला वेगळे आयएसएसएन असतात, दोन्ही एकत्र बांधणारा आयएसएसएन-एल असतो, तो जरूर टाका.

१८. चॅटबॉटकडून नोंदी करून घेतल्या तर?

मुखपृष्ठाचा फोटो देऊन कच्चा मसुदा, सारांश, विषयांच्या सूचना, इतपत ठीक, मी पण वापरतो. पण त्याला माहीत नसलेली पानसंख्या, आयएसबीएन, अथॉरिटी नंबर तो तितक्याच आत्मविश्वासाने बनवून देतो. नंबर त्याच्याकडून घ्यायचाच नाही. मराठीत आणखी एक, तो लेखकाचं नाव रोमनवरून परत देवनागरीत आणताना ऱ्हस्व-दीर्घ मनाने ठरवतो.

याचंच दुसरं टोक म्हणजे अस्तित्वातच नसलेलं पुस्तक मागायला येणारा वाचक, चॅटबॉटने नाव दिलं म्हणून. त्याला खोटं पाडू नका, दोन-तीन मोठे कॅटलॉग त्याच्यासमोर शोधून दाखवा आणि त्या विषयावरचं खरं पुस्तक हातात द्या.

१९. सॉफ्टवेअर बदलायचंय. जुनी कंपनी डेटा देताना टाळाटाळ करते. काय काय मागू?

"डेटा द्या" म्हणू नका, यादी द्या: सगळ्या नोंदी मार्कमध्ये आणि युनिकोडमध्ये, प्रतींची माहिती (दाखल क्रमांक, बारकोड, जागा), अथॉरिटी नोंदी, सभासद, चालू देवघेव. जुनी देवघेव मागू नका. कुणी काय वाचलं याचा इतिहास नव्या सिस्टिममध्ये नेण्याचं काही कारण नसतं, तो तिथेच पुसायला सांगा. प्रती कुठल्या फील्डात आल्या ते विचारून घ्या, कोहा ९५२ मध्ये ठेवतं, बाकीचे आपापल्या मनाने कुठेही. जुना नोंद क्रमांक ०३५ मध्ये ठेवलात तर पुढे काही बिघडल्यावर मूळ नोंद शोधता येते.

आधी दोनशे नोंदींचा नमुना मागा, त्यात मुद्दाम वाकडी पुस्तकं निवडा, बहुखंडी संच, अनुवाद, नाव बदललेलं नियतकालिक, "ऱ" आणि "ॲ" असलेली शीर्षकं. ती नीट उतरली तरच बाकीचं. जुने पत्ते नव्यावर रिडायरेक्ट करून घ्या, लोकांनी विकिपीडियावर आणि प्रबंधांत ते दिलेले असतात. आणि जुनी सिस्टिम नवी सुरू झाल्याच्या दिवशी बंद करू नका, एक स्टॉक टेकिंग होईपर्यंत फक्त वाचण्यापुरती चालू राहू द्या, कारण हरवलेल्या चाळीस प्रती तेव्हाच सापडतात.